सगळ्यात बारीक ओळ

नवीन पुस्तक हातात आलं की ती आधी शेवटचं पान वाचायची. तिथेच, वाचनालयाच्या टेबलाशी, उभ्या उभ्या, खांद्याची पिशवीही न उतरवता. दोघं एकत्र आली आहेत, कुणी मेलेलं नाही, कुणी रुसून बोटीने निघून गेलेलं नाही, एवढी खात्री झाली की पुस्तक मिटायचं आणि म्हणायचं, "हे द्या." वाचनालयवाल्याने तिचं नावच ‘शेवटपान’ पाडलं होतं आणि ते तिच्या तोंडावर वापरायलाही तो कमी करत नसे.

"या शेवटपान बाई. हे घ्या बिनधास्त, नायक जिवंत आहे. मी सकाळीच नाडी बघितली त्याची."

"शेवट कळल्यावर मजा काय राहिली?" असं तिला बरेच जण विचारत. तिच्या मते मजा तिथूनच सुरू व्हायची. शेवटी दोघं भेटणार हे एकदा ठरलं की ती पाय वर घेऊन ऐसपैस बसायची. मग होऊ देत गैरसमज, चुकू देत गाडी, पडू देत निरोप भलत्याच्या हातात. नायिका रडली की तीही मनसोक्त रडायची, कारण आतून ठाऊक असायचं की हे अश्रू वाया जाणार नाहीत. कॉलेजात असताना अर्थशास्त्राच्या जाडजूड पुस्तकाच्या पोटात असल्या किती कादंबऱ्या राहून गेल्या, त्याला गणती नाही. पदवी मिळाली ती अर्थशास्त्राची, पण मनापासून अभ्यास झाला तो प्रेमाचा.

प्रत्यक्ष आयुष्याला मात्र शेवटचं पान आधी उघडून बघायची सोय नव्हती आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. मुलीला शाळेतून यायला जरा उशीर झाला की हिच्या डोळ्यांपुढे दवाखान्याची खाट उभी राहायची. ती पोर तोवर कोपऱ्यावरच्या मांजरीशी गप्पा मारत बसलेली असायची. मुलगी आता मोठी झाली होती, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरीला होती, पण घरात ती अजून चिंगीच होती आणि आईची काळजी चिंगीपेक्षा दोन बोटं उंच वाढली होती.

नवरा विजेचे मीटर वाचत हिंडायचा. "मीही वाचकच आहे," तो म्हणायचा, "फक्त आमच्या पुस्तकात नायिका नसते, आकडे असतात." बायकोच्या काळजीवर त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "अगं, दुकानात लोकांना चष्मे देतेस आणि घरी येताना ते भिंग स्वतःच्या काळजीला लावून येतेस. मुंगी दिसली की म्हणतेस हत्ती आला."

तिचं दुकान म्हणजे चष्म्याचं दुकान. दर्शनी भागात मालक आणि फ्रेमांच्या रांगा, पडद्याआड नजर तपासणारा, आणि सगळ्यात मागे तिचं टेबल. काचा घासून बसवणं, काड्या कानामागे नीट वळवणं, नाकावरच्या गाद्या बदलणं, डोळ्याला दिसणार नाही असा स्क्रू फिरवणं, हे तिचं काम. दुपारी दार अर्धं ओढून मालक जेवायला गेला की ती त्याच टेबलावरचे स्क्रू बाजूला सारायची आणि लिहायला बसायची. कारण ती वाचता वाचता लिहूही लागली होती.

त्याचीही गोष्ट आहे. चिंगी तापाने फणफणलेली होती आणि हिने जागरणासाठी एक पुस्तक आणलं होतं. त्या पुस्तकाची शेवटची पानंच कुणीतरी फाडून नेलेली. घाईत आणताना शेवट बघायचा राहून गेला, नेमकं तेव्हाच. आता पोरीचा ताप उतरेना आणि नायक-नायिका पुलाच्या दोन टोकांना अडकलेली. तिला काही सुचेना. तिने औषधाच्या वेळा लिहिलेल्या कागदाच्या पाठीवर स्वतःच शेवट लिहून टाकला. दोघांना पुलाच्या मधोमध आणलं, जवळ बसवलं, आणि मग तिला श्वास घेता आला. सकाळी ताप उतरला. त्याचा आणि याचा संबंध नाही हे तिला कळत होतं, पण पटत नव्हतं. तो शेवट तिने नीट उतरवून पुस्तकाला चिकटवला आणि पुस्तक गुपचूप परत केलं. पुढच्याच महिन्यात वाचनालयवाला म्हणाला, "ते पुलाचं पुस्तक नेलेल्या तिघी विचारतायत, शेवट लिहिणारीचं दुसरं काही आहे का?"

तेव्हापासून ती लिहीत होती. टोपणनावाने, पातळ पातळ पुस्तकं, वर रंगीत चित्र. लिहिताना तिला जे सुख व्हायचं ते तिने कुणाला नीट सांगितलं नव्हतं. सबंध दिवसात तेवढाच वेळ असा असायचा, जिथे तिच्या परवानगीशिवाय कुणाला साधी सर्दी होत नसे. वादळ आणायचं तिने, थांबवायचंही तिने.

आता दुकानातल्या एका कागदाबद्दल. जवळचा चष्मा तयार झाला की गिऱ्हाइकाच्या हातात वाचायला एक जाड कागद देतात. वरती मोठी अक्षरं, मग लहान, मग त्याहून लहान. दुकानातला जुना कागद हाताळून हाताळून मेणचट झाला होता आणि त्यावर कसल्याशा खताची माहिती होती. मालक म्हणाला, "बाई, तुम्ही लिहिता-बिहिता ना, द्या काहीतरी छापून." तिने आपल्या नव्या, अजून छापखान्यातच असलेल्या कादंबरीतला एक प्रसंग दिला. मोठ्या अक्षरात वादळ, त्याखाली दीपगृहाच्या जिन्यावर एकटी अडकलेली नायिका, त्याखाली दारापलीकडे थांबलेली पावलं, आणि सगळ्यात बारीक ओळीत नायकाचं बोलणं. परिणाम असा झाला की गिऱ्हाइकं कागद सोडेनात. एक निवृत्त मास्तर तर नंबर अगदी बरोबर असतानाही म्हणाले, "जरा वाढवून द्या. ते काय म्हणाला ते स्पष्ट दिसलं पाहिजे."

मालक खूश होता. तीच खूश नव्हती. कारण ती सगळ्यात बारीक ओळ तिची नव्हतीच.

ती ओळ होती चिंगीची. म्हणजे चिंगीला कुणीतरी म्हटलेली. एका रविवारी गॅलरीत केस वाळवताना चिंगीने आईला सांगितलं होतं, की कचेरीच्या लिफ्टमध्ये ती अडकली, दिवे गेले, आणि जीव घाबरा झाला तेव्हा दुरुस्तीला आलेला मुलगा बाहेरून बोलत राहिला. "आई, तो काय म्हणाला माहितेय? ‘तुम्ही बंद दाराच्या आत आहात असं समजू नका. माझ्या शेजारी आहात, मध्ये फक्त एक दार आहे, एवढंच.’" हे सांगताना पोरीचा आवाज असा झाला होता, की आईने हातातला कंगवा खाली ठेवला. "हे तुझ्यापाशीच ठेव हं," चिंगी म्हणाली. "बाबांनाही नको सांगूस. चिडवून हैराण करतील."

तिने बाबांना सांगितलं नाही. पण पुढच्या दुपारी नायक दीपगृहाच्या दाराशी येऊन उभा राहिला, तोंड उघडलं, आणि नेमकं तेच बोलला. तिने खोडलं, दुसरं लिहून पाहिलं. दुसरं काहीही लिहिलं की नायक नाटकातला वाटे. शेवटी तिने स्वतःची समजूत घातली: लिफ्टचं दीपगृह केलं, ‘तुम्ही’चं ‘तू’ केलं, टोपणनाव तर आहेच. कोण ओळखतंय?

त्यानंतर वर्षभरात लिफ्टवाला चिंगीच्या आयुष्यात पक्का झाला होता. दोन्ही घरांची पहिली भेट येत्या रविवारी ठरली होती. आईने त्याला अजून पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्या माणसाबद्दल जेवढी काळजी करता येते तेवढी सगळी करून झाली होती. गोड बोलणारा आहे, हीच काय ती माहिती, आणि गोड बोलणाऱ्यांच्या किती जाती असतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने स्वतः त्यांच्या तोंडी वाक्यं घातली होती.

बुधवारी दुपारनंतर दुकानात एक बाई आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलेलं, आता वाचायचा चष्मा तयार. दुकानात नावं कुणाच्या लक्षात राहतात! मालकाने हाक दिली, "बाई, मोतीबिंदूवाल्या ताई आल्यात, बसवून द्या."

तिने चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला, काड्या कानामागे दाबल्या, कागद हातात दिला.

"वाचा बरं ताई. कुठवर दिसतंय?"

"बाहेर वादळ सुटलं होतं," बाईंनी मोठ्याने वाचलं आणि खुदकन हसल्या. "अगंबाई, दिसतंय की! महिनोन्महिने नुसतं धुकं होतं हो." मग त्या शाळेतल्या मुलीसारखं बोट ठेवून एकेक ओळ उतरू लागल्या. जिना उतरल्या, पावलं थांबली, आणि त्या शेवटच्या ओळीशी आल्या.

"तू बंद दाराच्या आत आहेस असं समजू नकोस. माझ्या शेजारी आहेस, मध्ये फक्त एक..."

बाई थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे कोणी लिहिलंय?"

"का हो? अक्षर पुसट आहे का?"

"अक्षर कसलं पुसट? हे माझ्या पोराचं बोलणं आहे. मला ऑपरेशनला आत नेत होते ना, तेव्हा मी हटून बसले. म्हटलं, आत मी एकटी नाही जायची. तर कानाशी वाकून हेच म्हणाला. हेच! अगदी ‘एवढंच’ सकट." त्यांनी मान हलवली. "लिफ्ट दुरुस्त करतो हो तो. अडकलेल्या माणसांशी बोलायची सवय आहे त्याला."

तिच्या चिमट्यातला स्क्रू सुटला आणि टेबलाखाली कुठेतरी गेला. ती शोधायला वाकली ती वर यायचं नाव घेईना. खाली, टेबलाच्या अंधारात, तिच्या मनात दोन गोष्टी एकदम आल्या. पहिली अशी, की हा मुलगा गोडबोल्या नाही. पोरीवर छाप पाडायला बोलला असता तर म्हाताऱ्या आईला तेच कशाला म्हणाला असता? त्याचं बोलणंच तसं आहे. वर्षभर छातीवर बसलेला दगड कुणीतरी उचलावा तसं तिला झालं. आणि लगेच दुसरी: रविवारी या बाई आपल्या दारात उभ्या असणार.

"ताई, हा कागद मी नेऊ का?" वरून आवाज आला. "पोराला दाखवते. बघू दे, त्याच्याआधी कोण म्हणून गेलंय ते."

"नको," ती टेबलाखालून म्हणाली. "म्हणजे, तो दुकानाचा आहे."

"न्या हो न्या!" पलीकडून मालक ओरडला. "गठ्ठा पडलाय आमच्याकडे. आणि लिहिणाऱ्या याच आहेत बरं का. लेखिका आहेत आमच्या बाई, कादंबऱ्या छापतात!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तिने डोकं वर काढलं. बाई नव्या चष्म्यातून तिच्याकडे बघत होत्या, आणि चष्मा तिनेच इतका नीट बसवला होता की आता त्यांना सगळं स्वच्छ दिसत असणार. "अस्सं," एवढंच त्या म्हणाल्या आणि कागदाची घडी पर्समध्ये घालून गेल्या.

मुलगा आता कुठल्याही क्षणी घरी येणार. कागद बघणार. चिंगीची आई चष्म्याच्या दुकानात आहे हे त्याला ठाऊक असणारच. त्याच्या तोंडून चिंगीला कळण्याआधी आपण सांगायला हवं. तिने मालकाला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, आणि ते तोवर खरंही झालं होतं.

चिंगीच्या कचेरीत लिफ्ट होती, पण तिने जिना धरला. त्या लिफ्टकडे बघवेना. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत तिने मनात सांगायची सुरुवात कितीदा तरी लिहिली आणि खोडली. चिंगी बाहेर आली ती चेहरा पांढरा करूनच.

"आई? काय झालं? बाबांना काही..."

"बाबा ठणठणीत आहेत."

"मग अशी काय येतेस? मला वाटलं, दवाखान्यातूनच आलीस." आईचा स्वभाव थोडा तिच्यातही उतरला होता. "बोल ना."

आई बोलली. जिन्याच्या कठड्याला धरून, लिफ्टच्या दारासमोर, सगळं बोलली.

"छापलंस?"

"पुस्तक अजून छापखान्यात आहे. पण दुकानातला तो कागद असतो ना, वाचून बघायचा..."

"म्हणजे गावातले सगळे म्हातारे ते वाचतायत?"

"सगळे नाही गं. ज्यांचा नंबर बरोबर आहे तेच."

चिंगीच्या ओठाचा कोपरा हलला. आईला वाटलं, आता हसेल, सुटले. पण ते हसू आलं तसंच विरलं आणि डोळे भरून आले.

"माझ्या दातांना तारा बसवल्या, तर तुझ्या नायिकेला तारा. माझी मैत्रीण तुटली, ती तुझ्या पुस्तकात पुढच्या सुट्टीत परत आली, माझ्याकडे कधी आलीच नाही. मी काही म्हटलं नाही. पण मला काही झालं ना आई, की मला आधी रडू येत नाही. आधी मनात येतं, हे आता कुठल्या पानावर येणार." तिने नाक पुसलं. "ही एक गोष्ट मी म्हटलं होतं, तुझ्यापाशीच ठेव."

"चुकलं गं."

"हो, चुकलंच."

तेवढ्यात चिंगीचा फोन वाजला. तिने नाव बघितलं आणि आईकडे पाठ केली. आईला एकच बाजू ऐकू येत होती, आणि ती त्या अर्ध्या बोलण्यावर सगळं बळ लावून कान टेकवून होती.

"हं... दाखवला का आईंनी?... हो. नाही, मी नव्हतं सांगितलं छापायला... हो, माझीच आई... काय?" तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "खरंच?... बरं. रविवारी बोलू."

"काय म्हणाला?" फोन खाली यायच्या आत आईने विचारलं.

"रविवारी येतायत ते."

"ते ठीक, पण म्हणाला काय? रागावलाय का? त्याची आई काय म्हणाली? येणार ते कशासाठी, नाही सांगायला?"

चिंगीने लिफ्टचं बटण दाबलं. "शेवटचं पान आधी बघायचं नाही, आई. यावेळी नाही." दार उघडलं, ती आत गेली, आणि दार बंद झालं.

ते उरलेले दिवस घरात चिंगी बोलायची, पण ‘मीठ दे’ आणि ‘टॉवेल कुठे आहे’ एवढंच. आईच्या डोक्यात रविवार रोज वेगवेगळा घडत होता. एकदा मुलगा दारातूनच परत फिरे, एकदा त्याची आई तो कागद टेबलावर आपटे, एकदा तर कुणी येतच नसे आणि चहा भांड्यात काळा होई. इतकी वाईट कादंबरी तिने कधी लिहिली नव्हती आणि हीच तिला खोडता येत नव्हती.

"काय गं," नवरा म्हणाला, "घरात मीटर बंद पडल्यासारखं का झालंय? आकडाच पुढे सरकत नाही."

गुरुवारी तिने प्रकाशकाला फोन करून सांगितलं, की दीपगृहातलं ते वाक्य काढा.

"बाई, सगळ्या पुस्तकात तेवढंच तर वाक्य आहे!" प्रकाशक म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून घाईने पुढे म्हणाला, "म्हणजे, बाकीचंही चांगलंच आहे. पण जागा रिकामी कशी सोडू? उद्यापर्यंत दुसरं द्या."

दुकानातला गठ्ठाही तिने कात्रीने कापून टाकला. "गिऱ्हाइकं भांडतील माझ्याशी," मालक कुरकुरला. "त्या मास्तरांना काय सांगू?"

"सांगा, नायकाचा घसा बसलाय."

पण नायकाला दुसरं वाक्य काही सापडेना. जे लिहावं ते उसनं आणलेल्या सदऱ्यासारखं ढगळ वाटे. दार बंद आहे, आत ती, बाहेर तो, आता तो बोलणार काय? आणि मग लिहिता लिहिता तिला तिचंच एक बंद दार आठवलं. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. कशावरून तरी तिला एकाएकी रडू कोसळलं होतं, नवं घर, नवी माणसं, सगळ्याची भीती वाटून तिने आतून कडी लावली होती. नवरा दाराबाहेर बसला. समजूत घालणारं एक वाक्य त्याला येईल तर शपथ. मग त्याने त्या दिवशी घेतलेले मीटरचे आकडे मोठ्याने वाचायला सुरुवात केली होती. सबंध गल्लीचे. शेवटी तिलाच हसू आलं आणि तिने कडी काढली.

ती पेन घेऊन बसलीच होती, ती थांबली. उठून स्वयंपाकघरात गेली. नवरा चहा गाळत होता.

"अहो, एक विचारू? ते मीटरचे आकडे वाचले होते ना तुम्ही, दाराबाहेर बसून. ते पुस्तकात घालू का?"

गाळणं हवेतच राहिलं. "मला विचारतेस? आजवर कधी विचारलं नाहीस. तो छत्री विसरणारा डॉक्टर मीच होतो ना? आणि घोरणारा जहागीरदार?"

"आता विचारतेय."

त्याने जरा विचार केल्यासारखं केलं. "घाल. पण आकडे बरोबर छाप. नाहीतर लोक बिल वाढवलं म्हणतील."

तर नव्या प्रसंगात नायक गोड काहीच बोलत नाही. दाराला पाठ लावून बसतो आणि दिवसभरात दिसलेल्या बोटींचे आकडे वाचत राहतो. आत तिला लाकडातून त्याचा आवाज पाठीला जाणवतो. ती पानं प्रकाशकाकडे जाण्याआधी तिने चिंगीच्या टेबलावर ठेवली. चिंगीने बऱ्याच वर्षांत आईचं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. स्वतःला भेटायच्या भीतीने वाचलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी पानं तिथेच होती, पण त्यांवर चहाच्या कपाचं एक गोल वर्तुळ उमटलं होतं. आईने त्या वर्तुळाकडे कितीतरी वेळ पाहिलं. त्यातून काही वाचता येईना.

रविवारी बेल वाजली तेव्हा दार तिनेच उघडलं. दारात नवा चष्मा लावलेल्या बाई आणि त्यांच्यामागे एक उंच, थोडा वाकून उभा राहणारा मुलगा. हात इतके घासून धुतलेले की लाल झालेले, तरी नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ.

"या चष्मेवाल्या ताईच ना!" बाई दारातूनच म्हणाल्या. "काडी अजून डाव्या कानाला टोचतेय हो. आधी ती बघा, मग सोयरीक."

तिने बाईंना खुर्चीवर बसवलं आणि काडी वळवायला घेतली. मुलगा पाण्याचा पेला धरून कुठे ठेवावा या विचारात उभा होता.

"त्या दिवशी फोनवर," तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही काय म्हणालात चिंगीला?"

"आई!" चिंगी म्हणाली.

"सांगू दे की गं," बाई म्हणाल्या. "घरी येऊन कागद दाखवला तर हा असा लाल झाला! म्हणतो कसा, आई, हे मी लिहिलेलं नाही. म्हटलं, मेल्या, बोललेलं तरी आहेस ना? आणि ते मला म्हणायच्या आधी हिला म्हणून झालंय, हे मला आज कळतंय होय?"

मुलगा घसा खाकरून म्हणाला, "मी एवढंच विचारलं, की तुझ्या आईला ते आवडलं का? महिनाभर मला झोप नव्हती काकू. लिफ्टवाला जावई तुम्हाला चालेल की नाही, हीच धास्ती. कागद बघितला नि वाटलं, चालेल बहुतेक."

नवरा मोठ्याने हसला. तिला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस ती ज्या माणसाला घाबरत होती तो तिकडे बसून तिला घाबरत होता.

"पुढचं कधी वाचायला मिळणार?" बाईंनी विचारलं. "तो म्हणाला, मग ती काय म्हणाली?"

"ते वाक्य मी काढलंय," ती म्हणाली.

"काढलं? अगंबाई! मी दोघी शेजारणींना सांगून बसले, माझ्या पोराचं वाक्य छापून येणार म्हणून!"

तिने चिंगीकडे पाहिलं. चिंगी बशी पुसत होती.

पाहुणे गेल्यावर दोघी भांडी आवरायला उभ्या राहिल्या. "तो खूश झाला," चिंगी म्हणाली, "म्हणून माझं भागलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"बोटींचं वाचलं मी. चांगलं आहे." नळ बंद करून ती जरा थांबली. "आधी शेवट बघितला. बाबाच आहेत ते, हे कळलं मला. त्यांना विचारलंस का?"

"विचारलं."

चिंगीने मान हलवली आणि ती बाहेर गेली. पुढचे कितीतरी रविवार तिने गॅलरीत केस वाळवले ते एकटीने. आई आत बसून लिहायची, म्हणजे लिहिण्याचं निमित्त करून कान तिकडे लावायची. पोर आता आपल्याला कधीच काही सांगणार नाही, ही काळजी बाकी सगळ्या काळज्यांच्या वर जाऊन बसली होती. तिला कुठला शेवट लिहावा ते सुचत नव्हतं.

मग एका रविवारी चिंगी ओल्या केसांनी आत आली आणि टेबलाशी उभी राहिली.

"आई, एक सांगायचं होतं."

आईने मान वर केली. चिंगी आईच्या हातातल्या पेनाकडे बघत होती. आईच्या लक्षात आलं तसं तिने पेनाला टोपण लावलं, टेबलावर ठेवलं, परत उचललं, आणि शेवटी चिंगीच्याच हातात दिलं. चिंगीने ते मुठीत धरलं, आईला गॅलरीत नेलं आणि हळू आवाजात सांगितलं.

ऐकता ऐकता आईची बोटं शिवशिवली. तिने ती पोरीच्या ओल्या केसांत घातली आणि कंगव्यासारखी फिरवत राहिली.

"काय कुजबुज चाललीय?" आतून बाबांनी विचारलं.

"काही नाही," दोघी एकदम म्हणाल्या.